मार्गप्रमुखाची पहिली फेरी

भोईवाडा, परळ
गुरुवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप तात्यामामा यांस,

भोईवाड्याहून तुमच्या भाच्याचा, हेमूचा, वाकून नमस्कार (वाकलो, पण गुडघ्यांना विचारून). मामींनाही तसाच. इकडे पद्मजा, ओवी आणि मी तिघेही बरे आहोत. तुमच्या तब्येतीची मात्र मला काळजी लागून राहिली आहे. गणपतीत तुम्हाला खोकला होता तो गेला का? गेला असेल तर पूर्ण गेला का, की अधूनमधून येतो? सकाळी उठल्यावर चक्कर वगैरे? कमरेत चमक? मागे एकदा तुमचा डावा पाय सुजला होता, तो अजून तसा सुजतो का, आणि सुजायचाच झाला तर त्याची साधारण किती दिवस आधी कल्पना येते? सगळं खरं खरं कळवा. तुम्ही पहिल्यापासून दुखणं अंगावर काढणारे. या वयात माणसाने तसं करू नये, थोडं जरी वाटलं तरी अंथरूण धरावं आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण आपली खोली तुम्हाला माहीत आहे. इकडे कुजबुजलं तरी शेजारच्या खोलीतून सल्ला येतो. मोबाइलवर लिहून पाठवावं तर तुमचा मोबाइल सूनबाईंच्या हातात, आणि त्या आधी मनात वाचून मग तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात (माझ्या मूळव्याधीची बातमी मागे अशीच वाडीभर झाली). म्हणून हे पत्र लालबागच्या मसाल्याबरोबर पाठवतो आहे. आपल्या गावची बस आज संध्याकाळी परळहून सुटते. ओवी कामावरून आली की पार्सल बांधून ड्रायव्हरच्या हाती देईल, ते उद्या सकाळी तुम्हाला तिठ्यावर मिळेल. पत्र एकट्यानेच वाचा. वाचताना खोकला आला तर तो मसाल्याचा असेल, पण घरच्यांना तसं सांगायची घाई करू नका.

तर बातमी अशी. आपल्या नवतरुण व्यायाम मंदिराला (सध्याच्या तरुणांचं सरासरी वय अठ्ठावन्न) यंदा पंच्याहत्तर वर्षं होतात. अध्यक्ष अजून कुशाबाच आहे, तोच, तुमच्या वेळी डबल बारला उलटा लटकून चहा प्यायचा तो. आता सरळ बसून पितो, तरी सांडतो. पंच्याहत्तरीला काय करावं यावर तीन सभा झाल्या. एकाने कबड्डीचे सामने सुचवले, एकाने रक्तदान, एकाने दोन्ही एकाच दिवशी. शेवटी आमची ओवी उठली. ती हल्ली लोअर परळच्या ऑफिसात सायकलने जाते आणि रविवारी कुठल्याशा सायकलवाल्यांच्या गटाबरोबर पहाटे हिंडून येते. ती म्हणाली, आपल्या भागात हौशी लोकांची सायकल शर्यत घ्या, नोकरदार, दुकानदार, बायका, कुणीही यावं. सभेला ते पटलं. मग मार्ग कोण शोधणार असा प्रश्न आला आणि कुशाबाने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आपला हेमू एका दिवसात सायकल शिकलेला माणूस आहे, त्याच्याशिवाय कोण? टाळ्या पडल्या. ओवीने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी मार्गप्रमुख झालो.

इथपर्यंत ठीक होतं. मार्ग शोधायचं काम मला मनापासून आवडलं, हे आधी कबूल करतो. पण तीन आठवड्यांनी वाहतूकवाल्यांची परवानगी आली ती एक अट घेऊन. शर्यतीआधी मार्गप्रमुखाने स्वतः सायकलवरून पूर्ण मार्गाची एक फेरी मारायची, मागून त्यांचा माणूस मोटारसायकलवर येणार, आणि फेरी विनाअडथळा पार पडली तरच शर्यत सुटणार. नाहीतर रद्द. कुशाबाने लगेच नाक्यावर बॅनर लावला. त्यावर ओवीचं हेल्मेट घातलेला माझा फोटो आहे (हेल्मेट घातल्यावर मी आपल्या आत्यासारखा दिसतो हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं) आणि खाली लिहिलंय, पहिली फेरी मार्गप्रमुखांची. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी साडेसहाला. शहात्तर नावं आली आहेत. ओवीचा क्रमांक एक. ती रोज म्हणते, बाबा, तुमची फेरी झाली की लगेच मी. तेव्हापासून मला जेवण जात नाही. कारण शेवटी लिहीन, हिंमत गोळा व्हायला तेवढं अंतर लागेल.

आता मार्ग कसा सापडला ते ऐका. व्यायाम मंदिराच्या वहीत आजवर एकच मार्ग नोंदलेला आहे, तो म्हणजे आपल्या गणपतीचा. तेव्हा माझ्या मदतीला आला कोंडीराम, गेली अडतीस वर्षं मिरवणुकीच्या ट्रॉलीपुढे शिट्टी घेऊन चालणारा. पाहणीच्या पहिल्या दिवशी तो अठरा फुटी बांबू घेऊन हजर. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणे वायरी बघायला. मिरवणुकीआधी हा बांबू उभा धरून सगळा रस्ता फिरायचा, बांबू वायरीला लागला की तिथे खूण करायची, ही पद्धत. मी म्हटलं, कोंडीराम, सायकलवर बसलेला माणूस फार तर सहा फूट. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘टोपी घातल्यान तर?’ आम्ही बांबू घेऊन निघालो. भोईवाड्याच्या नाक्यापासून लालबागपर्यंत एकूण चार वायरी अठरा फुटांच्या खाली आहेत. शर्यतीला या माहितीचा काही उपयोग नाही, पण मला ती आहे याचं फार बरं वाटतं. एक वायर तर कुठूनही येत नाही आणि कुठेही जात नाही, दोन्ही टोकांना लोंबते. ती कुणाची म्हणून मी पाच दुकानांत विचारलं. प्रत्येकाने समोरच्याचं नाव सांगितलं.

कोंडीरामने आठवणीतून सांगितलेला मार्ग मी कागदावर उतरवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो कागद आणि ओवीची जुनी सायकल बरोबर घेऊन एकटाच निघालो. परळच्या नाक्यावर उजवीकडे असं लिहिलेलं, उजवीकडे वळलो. लालबाग यायच्या ऐवजी हिंदमाता आलं. तिथून सांगितल्याप्रमाणे डावीकडे जावं तर भलतंच. तास दीड तास भटकून शेवटी घामाघूम होऊन मी व्यायाम मंदिरात परतलो आणि कोंडीरामला म्हटलं, अरे, तू चाळीस वर्षं इथे राहतोस, तुला डावं-उजवं कळत नाही? तो भडकला. मग बाकावरून उठला, तोंडात शिट्टी धरली, दोन्ही हात वर केले आणि माझ्याकडे बघत मागे मागे चालायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडतीस वर्षं हा माणूस गणपतीकडे तोंड करून उलटा चालतो आहे! त्याची उजवी ती जगाची डावी. रस्ता त्याने पुढून असा कधी पाहिलेलाच नाही. मला राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. त्याला मी तासभर प्रश्न विचारत बसलो. उलटं चालताना खड्डा कसा कळतो? (ट्रॉली ओढणाऱ्यांच्या डोळ्यांवरून.) कधी पडलास? (एकदा, पण खाली गुलालाचा ढीग होता, लागलं नाही.) मार्ग मी सगळा उलटा करून घेतला, तो बरोबर निघाला. भोईवाडा, परळचा नाका, तिथून डावीकडे लालबाग, तिथे वळून परत परळ, हिंदमाता, मग उजवीकडे नायगावच्या अंगाने पुन्हा भोईवाडा.

चढ-उताराचाही असाच घोळ. कोंडीराम म्हणाला, ‘सगळो सपाट आसा रे. गोटी ठेवलंस तरी थंयच ऱ्हवतली.’ मिरवणुकीच्या चालीने गेलं तर हिमालयसुद्धा सपाट लागेल. पण गोटीची कल्पना मला आवडली. मी खरोखरच गोट्या आणल्या आणि दर शंभर पावलांवर रस्त्याकडेला गोटी ठेवून ती कुठे जाते ते बघायला लागलो. मामा, आपण जन्मभर ज्या रस्त्यावरून चाललो तो काय काय करतो! परळकडून हिंदमात्याला जाताना तो हळूच खाली उतरतो, मध्येच विचार बदलल्यासारखा थोडा वर येतो, मग पुन्हा उतरतो. पाणी तिथेच का भरतं हे मी पेपरात पन्नास वेळा वाचलं होतं, पण गोटीने दोन मिनिटांत समजावलं. हिंदमात्याच्या फुटपाथवर मी उकिडवा बसलो असताना एक गोटी सुसाट सुटली आणि साडीच्या दुकानाच्या पायरीवरून खाली, तिथून उतरत्या तळघरात. मी मागोमाग. आत गाद्यांवर आठ-दहा बायका बसल्या होत्या. दुकानदाराने माझ्यासाठी लगेच उशी टाकली. गोटी शोधतोय म्हणून सांगायचा मला धीर झाला नाही. बाहेर आलो तेव्हा हातात पद्मजासाठी मोरपिशी काठाची साडी होती. तिने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, उतार. तिने माझ्या चपलांकडे बघितलं. चपलांचे तळ पंधरा दिवसांत झिजून गेले होते. सायकलीचे टायर मात्र अजून नव्यासारखे आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचा शोध मला कमलाबाईंनी लावून दिला. भोईवाड्याकडे वळताना कोपऱ्यावर त्या मासे घेऊन बसतात. तिथलं वळण मला आवडलं नव्हतं, पण काय आवडलं नाही ते कळत नव्हतं, म्हणून मी दोन दिवस तिथे सायकल टेकवून उभा राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, काय बघतोस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे गाड्या घसरतात त्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. सोमवारी कुणी पडत नाही. मी वही काढली. हे वार का? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मासे खायचे वार कुठले? त्या दिवशी ओळीने सहा जणी बसतात आणि बर्फाचं पाणी रस्त्यावर जातं. आमची शर्यत रविवारची! एवढे नकाशे काढले, गोट्या टाकल्या, बांबू फिरवला, पण पापलेटाचा विचार कुणी केला नव्हता. कमलाबाईंचा सल्ला सोपा होता, शर्यत सोमवारी ठेवा. शेवटी शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पाणी गटारातच ओतायचं असं सहाही जणींनी कबूल केलं. निघताना त्या म्हणाल्या, ‘पण काय रे, तू कालपासून सायकल हातात धरून चालतोयस. पंक्चर हाय काय?’ मी म्हटलं, हो. त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा तिथून जात होतो, तेव्हा त्यांनी नुसतं सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक बोंबील तराजूत जास्त टाकला.

गेल्या रविवारी रंगीत तालीम झाली. सहा सायकलस्वार, एक फेरी, जेमतेम सहा किलोमीटर. ओवीचा अंदाज पंधरा मिनिटांचा होता. मी सुरुवातीच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभा (तालमीत मार्गप्रमुखाने वेळच घ्यायची, असा नियम मीच केला होता). पंधरा मिनिटं झाली, तीस झाली, पाऊण तास झाला. कुणीच नाही. मी घड्याळ कानाला लावून बघितलं. मग एक जण कोरडाच आला, आणि तास भरत आला तेव्हा ओवी. गळ्यात चार हार, हँडलला तीन नारळ, खांद्यावर शाल, आणि चेहऱ्यावर गुलाल. झालं होतं असं की मार्ग आपल्या चौकातून जातो म्हणून कुशाबाने वाटेतल्या सगळ्या मंडळांना रीतसर पत्र दिलं होतं. मार्ग आपल्या चौकातून जातो याचा आपल्याकडे एकच अर्थ. सगळ्यांनी टेबलं मांडली, सरबत केलं, आणि आलेला सायकलस्वार अडवून त्याचा सत्कार केला. एका चौकात तर आरती झाली, कुणाची ते ओवीला कळलं नाही. पहिला नंबर ज्याचा आला तो वास्तविक सगळ्यांत हळू होता. तो पोचेपर्यंत नारळ संपले होते, त्यामुळे त्याला कुणी थांबवलं नाही. कुशाबाला मी म्हटलं, असं कसं चालेल, ही शर्यत आहे. तो खुशीत होता. म्हणाला, ‘टेन्शन नाय घ्यायचं, हेमू. प्रोग्राम तर एक नंबर झाला.’ आता मी प्रत्येक चौकात जाऊन समजावून आलो आहे की थांबवायचं नाही, लांबून टाळ्या वाजवायच्या. एका मंडळाने अट घातली, निदान मार्गप्रमुखांना तरी थांबवू द्या. त्यांना मी आनंदाने हो म्हणालो. वाहतूकवाल्यांनी तेवढंच नाही म्हटलं.

मार्ग आता पक्का आहे. त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक झाकण (एकशे बारा, पैकी नऊ वाजतात), कुठल्या कोपऱ्यावर वारा आडवा येतो, कुठलं कुत्रं सायकलीवर भुंकतं आणि कुठलं फक्त स्कूटरवर, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. एवढं बारीक काम मी नोकरीत कधी केलं नाही. ओवी ती वही रोज वाचते आणि म्हणते, बाबा, तुम्ही भारी आहात. ते ऐकून छाती भरून येते आणि लगेच नाक्यावरचा बॅनर आठवतो.

तुमच्या तब्येतीला फार जपू नका. मामींना नमस्कार आहेच. आंब्याला मोहर कसा आहे ते लिहा.

तुमचा भाचा,
हेमचंद्र

ता. क. मसाला मालवणीच आहे. पद्मजाने समोर उभं राहून कुटून घेतला आहे. डबा परत पाठवायला विसरू नका, मागचे दोन अजून तिकडेच आहेत.

ता. क. २. हिंमत गोळा झाली, लिहितो. मामा, मला सायकल येत नाही. हे जगात तुम्हा-आम्हा दोघांनाच माहीत आहे. मी अकरा वर्षांचा असताना तुम्ही भाड्याची सायकल आणून मला कामगार मैदानावर नेलंत, मागून सीट धरलीत, धरलंय-धरलंय म्हणत दिलीत सोडून, आणि मी चालू कबड्डीच्या डावात जाऊन पडलो (पकड झाली असं पंचाने दिलं). मी रडायला लागलो. बाबा मारतील म्हणून तुम्ही घरी येऊन सांगितलंत, पोरगा शिकला, एका दिवसात शिकला. बाबांनी चाळभर पेढे वाटले. त्या पेढ्यांनंतर मला कधी खरं सांगता आलं नाही. ओवीला सायकल मीच शिकवली, महिनाभर मागे धावून. ती म्हणायची, बाबा, एकदा चालवून दाखवा ना. मी सांगायचो, बघून शिकलेलं टिकत नाही. हा सगळा मार्ग मी सायकल हातात धरून चालत काढला आहे. आता त्या रविवारी तिच्यासमोर, शहात्तर लोकांसमोर आणि माझ्याच बॅनरखाली मला सायकलवर बसायचं आहे, आणि नाही बसलो तर शर्यतच रद्द. मला भीती पडण्याची नाही. तिच्या तोंडाकडे बघायची आहे.

ता. क. ३. तेव्हा कळकळीची विनंती अशी की तुम्ही आजारी पडा. फार नको. पुढच्या शुक्रवारी रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत पुरे. हेमूला बघायचंय एवढं एकदा म्हणा, म्हणजे मला शनिवारी निघता येईल, माझ्या जागी कुशाबा दुसरा मार्गप्रमुख नेमेल आणि शर्यत होईल. खोकला, चक्कर, पाय, जे सोयीचं असेल ते. पेढे तुमच्यामुळे वाटले गेले, एवढं लक्षात ठेवा.

—

तात्याआजोबा, नमस्कार. मी ओवी. पार्सल बांधताना पाकीट उघडंच होतं, वाचलं. सॉरी.

आजारी पडू नका. बाबांना सायकल येत नाही हे मला सहावीपासून माहीत आहे. आईला लग्नापासून. कुशाबाकाकांना, कोंडीरामकाकांना, आख्ख्या भोईवाड्याला माहीत आहे. कमलाबाईंनी तर मला पहिल्याच दिवशी विचारलं की तुझ्या बाबांचं पंक्चर नक्की कुठे आहे. मार्गप्रमुख त्यांना म्हणूनच केलं. सायकलवाले खड्डा चुकवून पुढे जातात, बाबा खड्ड्याजवळ थांबून त्याची विचारपूस करतात. आम्हाला तसाच माणूस हवा होता. ती अट मागाहून आली. नाव बदलायचं का, असं मी कुशाबाकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, नको, हेमूला वाईट वाटेल. आणि वर त्यांनी बॅनरच लावला.

तुम्ही पत्र मिळेल त्याच रात्रीच्या बसने या. डोळे दाखवायला आलो म्हणा. हातात आठ दिवस आहेत. रोज सकाळी त्यांना कामगार मैदानावर घेऊन जा, मी ऑफिसला लवकर जाते असं सांगून तिथे मागे थांबेन. मला शिकवताना ते महिनाभर धावले आणि मी सांगेपर्यंत त्यांनी सीट सोडली नाही.

या वेळी तुम्हीही सोडू नका. दमलात तर मला हाक मारा.